समोर बसलेला माणूस

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी शाळेतील एखाद्या उपक्रमाविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने आम्हांला सुचविले. निकालांचे आलेख, शिष्यवृत्तिधारकांच्या याद्या आणि वसतिगृहाच्या नव्या इमारतीचा वृत्तांत आमचे सहकारी लिहिणार आहेत, हे आम्हांला ठाऊक होते. म्हणून आम्ही एका लहानशा, फारसा गाजावाजा न झालेल्या उपक्रमाची निवड केली आहे. गेली अकरा वर्षे दर दुसऱ्या रविवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत आपल्या वाचनालयाच्या व्हरांड्यात मुले-मुली माणसांची चित्रे काढतात. एक जण स्टुलावर बसतो, बाकीचे त्याच्याभोवती अर्धवर्तुळ करून जमिनीवर बसतात. पाच वाजले की सगळी चित्रे दोरीवर चिमट्यांनी लटकवली जातात आणि मग त्यांच्याविषयी बोलणे होते. कागदोपत्री या वर्गाचे नाव 'रेखाटन वर्ग' असे आहे. मुले मात्र त्याला 'चेहऱ्यांचा रविवार' म्हणतात, आणि तेच नाव अधिक योग्य आहे.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. चित्रकलेचे रीतसर शिक्षण आम्हांला नाही. वर्ग चालवितात ते शाळेचे कलाशिक्षक. आमच्याकडे हजेरी, कागद-पेन्सिलींचा हिशेब आणि चित्रांवरील चर्चेला वळण लावणे एवढेच काम असते. तरीही हा वर्ग आम्हांला इतिहासाच्या तासाइतकाच आपला वाटतो. ज्या समाजातून आम्ही आणि आमचे बहुसंख्य विद्यार्थी आलो, त्या समाजाच्या इतिहासातील एक मोठी पोकळी या वर्गात रोज थोडी थोडी भरली जाते, अशी आमची धारणा आहे. ती पोकळी म्हणजे चेहऱ्यांची.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकालीन लेणे आहे. आपल्या सहलींतून अनेक माजी विद्यार्थ्यांनी ते पाहिलेही असेल. तेथे राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या आणि प्रत्येक प्रतिमेच्या वर ब्राह्मी लिपीत तिचे नाव होते. सिमुक सातवाहन, राणी नायनिका, राजा सातकर्णी ही नावे आजही वाचता येतात. प्रतिमा मात्र नष्ट झाल्या. पावलांच्या पुसट खुणा तेवढ्या उरल्या. कार्ल्याच्या चैत्यगृहात याच्या पुढची कथा दिसते. धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दरवाजाचे दान दिल्याची नोंद तेथे आहे. दरवाजा घडविणारा सामी नावाचा सुतार होता, अशीही नोंद आहे. राजाचे नाव राहिले, चेहरा गेला. सुताराचे नाव राहिले, त्याचा चेहरा कधी कोणी कोरला होता की नाही, हे कळायला मार्ग नाही. आणि ज्यांनी टिकाव घेऊन तो कातळ फोडला, पाट्या वाहिल्या, त्यांचे नावही नाही आणि चेहराही नाही.

ही पोकळी फार दूरची नाही. आमच्या आजोबांचे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही. वडिलांचे पहिले छायाचित्र नोकरीच्या अर्जाला चिकटविण्यासाठी काढलेले आहे. त्याची एक प्रत आजही आईच्या पेटीत आहे. आमच्या पिढीतील किती जणांच्या घरी याहून वेगळे चित्र असेल? व्यक्तिचित्र काढून घेणे हा शतकानुशतके राजे, सरदार, सावकार आणि संस्थानिक यांचा मान होता. चित्रकाराचे मानधन देण्याची ऐपत आणि तासन् तास नुसते बसून राहण्याची सवड ज्यांच्यापाशी होती, त्यांचेच चेहरे भिंतीवर राहिले.

बाबासाहेबांच्या बाबतीतही हे पाहण्यासारखे आहे. संविधान सभेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षपदी राहून ज्यांनी देशाला संविधान दिले, त्यांचा शिल्पकार बी. व्ही. वाघ यांनी घडविलेला पुतळा संसदेच्या आवारात २ एप्रिल १९६७ रोजी उभा राहिला. आणि ज्या मध्यवर्ती सभागृहात संविधान सभेच्या बैठका झाल्या, तेथे त्यांचे तैलचित्र लागायला १२ एप्रिल १९९० ही तारीख उजाडावी लागली. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर तब्बल तेहतीस वर्षांनी! कोणाचा चेहरा कोणत्या भिंतीवर असावा, हा प्रश्न केवळ शोभेचा नसतो, हे आम्ही वर्गात या दोन तारखांच्या आधारे शिकवितो.

चेहऱ्यांकडे पाहण्याची आणखी एक रीत आपल्या इतिहासात होऊन गेली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण काढून त्यावरून माणसांच्या जातींची उतरंड लावता येते, असा सिद्धांत मांडला होता. हजारो माणसांना उभे करून त्यांची नाके मोजण्यात आली. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उगमाविषयीच्या आपल्या ग्रंथात हीच मोजमापे हाती घेतली आणि त्यांच्याच आधारे दाखवून दिले की, हे शास्त्र खरे मानायचे तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. वैऱ्याच्याच फूटपट्टीने वैऱ्याचे माप काढण्याचा तो प्रकार होता. नववीच्या वर्गाला हा भाग सांगताना एका मुलीने विचारले होते, "सर, आपण पण रविवारी पेन्सिल धरून नाक मोजतोच की! मग फरक काय?"

प्रश्न मोलाचा होता. आपल्या वर्गात मुले हात लांब करतात, एक डोळा मिटतात, पेन्सिलीवर अंगठा सरकवून समोरच्याच्या नाकाची लांबी घेतात आणि ती कपाळाशी, हनुवटीशी ताडून पाहतात. कृती तीच आहे. परंतु रिस्ले यांच्या कारकुनांना एका माणसाच्या नाकावरून लाखो माणसांचा दर्जा ठरवायचा होता. आपल्या मुलांना त्या मोजमापातून स्टुलावर बसलेल्या त्या एकाच माणसापर्यंत पोहोचायचे असते. त्याचे नाक दुसऱ्या कोणासारखे नाही, हेच तर त्यांना कागदावर उतरवायचे असते. हे उत्तर आम्ही त्या मुलीला दिले. तिने ते चर्चेच्या वहीत लिहून ठेवले आणि पुढच्या रविवारी आमचेच नाक काढायला घेतले.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते, ते सांगू. पहिली दोन-तीन वर्षे येणारी बहुतेक मुले डोळे कपाळाच्या जागी काढतात. चेहरा म्हणजे डोळे, नाक, तोंड अशी आपली समजूत असते; केसांखालची कवटी कोणाच्या ध्यानातच येत नाही. कलाशिक्षक मुलांना स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून मोजायला लावतात. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. चेहऱ्याच्या रुंदीत सुमारे पाच डोळे मावतात. कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंतच्या पट्ट्यात बसतो. तळहात हनुवटीवर टेकवला की बोटे कपाळापर्यंत जातात. प्रौढ माणसाची उंची सात ते साडेसात डोकी भरते, लहान मुलाची पाच-सहाच. आपल्या प्राचीन मूर्तिशास्त्रातही चेहऱ्याची लांबी हे एकक धरून नवताल, अष्टताल अशी मापे दिलेली आहेत. हे नियम मुलांना पाठ होतात. त्यानंतर त्यांना सांगितले जाते की, समोरचा माणूस नियमापासून जेथे जेथे हटतो, तेथे तेथे तो स्वतः असतो.

शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, आपली मुले दरवर्षी बसतात. त्यांतील स्मरणचित्राच्या विषयात मानवाकृती काढाव्या लागतात. त्यासाठी मुले काही आकृती अक्षरशः पाठ करून ठेवीत. डोक्यावर घागर घेतलेली बाई, फुगेवाला, पाठमोरा शेतकरी. विषय जत्रेचा असो वा बसस्थानकाचा, तीच तीन माणसे येऊन उभी राहत. हात जमत नसत म्हणून ते पाठीमागे लपवलेले असत. पावले गवतात बुडवलेली असत. समोर जिवंत माणूस बसू लागल्यावर ही पाठांतराची माणसे हळूहळू गळून पडली. आता महिन्यातून एकदा वर्ग व्हरांडा सोडून बाहेर जातो. स्वयंपाकघरात भाकऱ्या थापणाऱ्या मावशी, फाटकावरचे वॉचमन मामा, मैदानावर कबड्डी खेळणारी मुले. कबड्डीपटू थांबत नाहीत, म्हणून एका मिनिटात एक आकृती उरकायची असते. डोळे, नाक यांना तेथे जागाच नसते. पाठीचा कणा कोणीकडे वाकला, भार कोणत्या पायावर आहे, एवढेच धरायचे. परातीवर वाकलेल्या मावशींच्या खांद्याची रेघ ज्या मुलाने एकदा धरली, तो पुढे ताटात भाकरी टाकून देत नाही, असा आमचा अनुभव आहे. याला कोणी योगायोग म्हणेल तर आमची हरकत नाही.

या उपक्रमाचा गाभा मात्र दोरीपाशी आहे. काढलेले चित्र दुसऱ्यांसमोर लावणे हे वाटते तितके सोपे नाही. आणि ज्याचे चित्र काढले, त्याच्यासमोर ते लावणे त्याहून अवघड. माणसाच्या चेहऱ्याची चेष्टा हे शाळांमधले फार जुने शस्त्र आहे. रंगावरून, दातांवरून, नाकावरून पडलेली नावे माणसे म्हातारपणापर्यंत वागवितात. अशा जागी वीस मुले मिळून एका मुलाचा चेहरा न्याहाळणार, तर काही मर्यादा हव्यातच. म्हणून पहिल्याच वर्षी मुलांनी आणि आम्ही मिळून चार नियम ठरविले. ते आजही व्हरांड्याच्या खांबावर लावलेले आहेत.

पहिला नियम असा की, नुसते 'छान' किंवा 'वाईट' म्हणायचे नाही. चित्रात कोठे काय दिसले, ते बोट ठेवून सांगायचे. दुसरा, चूक दाखवायची ती रेघेची, माणसाच्या अवयवाची नव्हे. "याचे कान केवढे आहेत" असे म्हणायचे नाही. "कान भुवईच्या वर गेला आहे" असे म्हणायचे. तिसरा, ज्याने चित्र काढले त्याने आधी ऐकून घ्यायचे, मग बोलायचे. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. शेवटचा शब्द स्टुलावर बसलेल्याचा. चित्र दोरीवर राहावे की उतरवावे, शाळेने ठेवावे की आपण घरी न्यावे, हे तो ठरवील. त्याच्या संमतीशिवाय चित्र कोठेही जाणार नाही. मुलींच्या बाबतीत हा नियम अधिकच कटाक्षाने पाळला जातो. कोणाचे चित्र काढायला बसायचे, कोणासमोर बसायचे नाही, हे त्याच ठरवितात आणि कारण विचारले जात नाही. काही पालकांच्या मनात आरंभी शंका होत्या. त्यांना आम्ही वर्गात येऊन बसण्याचे निमंत्रण दिले. त्यांतील एक आजोबा पुढे वर्षभर नियमाने येत राहिले आणि एकदा स्वतःच स्टुलावर चढून बसले.

नियम कागदावर सोपे असतात. त्यांची परीक्षा एका आठवीच्या मुलामुळे झाली. जन्मतः दुभंगलेल्या त्याच्या ओठावर लहानपणी शस्त्रक्रिया झालेली होती आणि नाकाखाली एक तिरकी खूण राहिली होती. तो स्टुलावर बसायला कधी तयार होत नसे. एका रविवारी तो आपण होऊन बसला. त्या दिवशी व्हरांड्यात एरवीपेक्षा अधिक शांतता होती. पाच वाजता चौदा चित्रे दोरीवर लागली. चौदांपैकी बारा चित्रांत ती खूण नव्हती. मुलांनी ती गाळली होती, ती दुष्टपणाने नव्हे. त्याला वाईट वाटू नये म्हणून. बोलणे सुरू झाले. केस चांगले जमले आहेत, मान थोडी जाड झाली आहे, असे सगळे सांगून झाले. शेवटचा शब्द त्याचा होता. तो दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि म्हणाला, "हा मी नाही. माझी खूण कुठंय?"

कोणीच बोलेना. मग ज्या दोन मुलींनी ती खूण काढली होती, त्यांच्या चित्रांपाशी तो थांबला. एकीच्या चित्रात खूण जरा जास्तच ठळक झाली होती. त्याने दुसऱ्या नियमाला धरून तिला सांगितले, "ही रेघ इतकी काळी नाही. मधे तुटते, बघ." आणि तो तिच्यासमोर पुन्हा बसला. तिने खोडले, पुन्हा काढले. ते चित्र त्याने घरी नेले. आम्ही त्या संध्याकाळी जे शिकलो, ते कोणत्याही अध्यापन प्रशिक्षणात आम्हांला शिकविले गेले नव्हते. दुसऱ्याचे दुःख झाकून टाकणे ही दया आहे, तिला आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्या मुलाला दया नको होती, कोणीतरी नीट पाहावे एवढेच हवे होते.

रंगाचा प्रश्नही असाच समोर आला. खडूंच्या आणि रंगांच्या पेटीत 'स्किन कलर' नावाचा एक फिकट गुलाबी रंग मिळतो. आमच्या व्हरांड्यात बसणाऱ्या एकाही मुलाच्या कातडीचा तो रंग नाही. तरीही वर्षानुवर्षे मुले स्वतःच्या आईला, बहिणीला आणि स्वतःला तो रंग फासत आली. कलाशिक्षकांनी ती कांडी पेटीतून काढली नाही. त्यांनी मुलांना यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निळा हे तीन रंग दिले आणि आपल्या मनगटाशेजारी कागद धरून रंग जुळवायला सांगितले. सावलीत निळा वाढवायचा, उजेडात पिवळा. तासाभरात वीस मनगटांचे वीस रंग तयार झाले. त्यांतले दोन एकसारखे नव्हते.

त्याच वर्षी आमची सहल अजिंठ्याला गेली. पाचव्या शतकात रंगविलेल्या त्या भिंतींवर सावळी, तांबूस, गव्हाळ, जवळपास काळी अशा सर्व वर्णांची माणसे आहेत आणि सावळ्या माणसाला तेथे कोपऱ्यात ढकललेले नाही. भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू घातलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात, मग गेरूने बाह्यरेषा आणि तिच्यात गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी व चुना यांचे रंग. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द तेवढा परदेशातून येई. म्हणजे त्या महान चित्रांचे बहुतेक सामान आपल्या पायाखालच्या मातीतले होते. सतराव्या लेण्यात भिक्षापात्र घेऊन दारी आलेले तथागत आणि त्यांच्यासमोर यशोधरा व राहुल यांचे जे चित्र आहे, त्यापुढे मुले बराच वेळ उभी राहिली. तथागतांची आकृती भव्य आहे, मायलेकरे लहान आहेत. परंतु चित्रकाराने सगळे लक्ष त्या दोघांच्या वर वळलेल्या चेहऱ्यांवर एकवटले आहे.

अजिंठ्याचा आणखी एक धडा आम्ही मुलांना आवर्जून सांगतो. १८१९ मध्ये ही लेणी पुन्हा जगासमोर आल्यावर त्यांतील चित्रांच्या प्रती करण्याचे काम १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे केले. त्यांच्या बहुसंख्य प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते काम नव्याने हाती घेतले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जे नंतर व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपाला आले. त्यांच्याही अनेक प्रती १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. तरीही १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृती तरुण पुन्हा त्याच अंधाऱ्या लेण्यांत कागद घेऊन बसले. कागद जळाले; पण मानेची एक वळणदार रेघ पुन्हा पुन्हा काढून त्या विद्यार्थ्यांच्या हाताला जे वळण लागले, ते जळाले नाही. आणि हे काम कोणी एकट्याने पुरे केले नाही. अंधारात दिवा धरणाऱ्यापासून रंग वाटणाऱ्यापर्यंत अनेकांच्या सोबतीने ते झाले.

सोबतीचे हे महत्त्व आपल्या मराठी चित्रकलेतही दिसते. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचे, हातात समई घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र आज म्हैसूरच्या संग्रहालयात आहे. त्या चित्रासाठी त्यांची स्वतःची कन्या उभी राहिली होती. मोठमोठ्या चित्रकारांनाही समोर कोणीतरी विश्वासाने उभे राहावे लागते. तो विश्वास नसेल तर कागदावर उतरते ते केवळ कातडे.

आता एका पालक-मेळाव्याची हकीकत सांगतो. आपल्या शाळेत ऊसतोडणी आणि वीटभट्टीवर काम करणाऱ्या कुटुंबांतील मुले बरीच आहेत. चार वर्षांपूर्वीच्या मेळाव्यात मुलांनी ठरविले की, भाषणे संपल्यावर प्रत्येकाने आपापल्या आईवडिलांना स्टुलावर बसवायचे. सातवीतील एका मुलीची आई वीटभट्टीवरून थेट आली होती. ती बसायलाच तयार नव्हती. "आमचं काय काढता? साहेब लोकांचं काढा," असे ती म्हणत होती. लेकीने हट्ट केला, तेव्हा ती पदर सावरून बसली. चाळीस मिनिटे ती हलली नाही. चित्र झाले तरी उठेना, तेव्हा आम्ही म्हणालो, "ताई, झालं चित्र." ती हसून म्हणाली, "गुर्जी, येवढा येळ नुस्तं बसून ऱ्हायला आम्हाला आजवर कुणी सांगितलंच न्हाई."

दोरीपाशी आल्यावर तिने चित्र निरखून पाहिले आणि लेकीला म्हणाली, "हातं लई मोठी काढलीस गं." मग तिने स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि हलकेच म्हणाली, "हायेतच." शाळेने ते चित्र फ्रेम करून सभागृहात लावावे, अशी आमची फार इच्छा होती. शेवटचा शब्द तिचा होता. तिने ते गुंडाळले, पिशवीत घातले आणि घेऊन गेली. शाळेकडे त्याची नक्कल नाही. या स्मरणिकेसाठी संपादकांनी ते मागितले, तेव्हाही आम्ही देऊ शकलो नाही. आणि मागण्यासाठी तिच्या दारी जाणे आम्हांला उचित वाटले नाही. वाचकहो, या अंकात एक चित्र कमी आहे, ते कोठे आहे हे आपल्याला आता कळले. ते ज्याचे त्याच्या घरी आहे.

या उपक्रमाने काय साधले, असे कोणी विचारील. हिशेबी उत्तर द्यायचे तर फार थोडे. अकरा वर्षांत चार-पाच विद्यार्थी कला महाविद्यालयांत गेले. बाकीचे परिचारिका, शिक्षक, वाहनचालक, अभियंते झाले. त्यांतील अनेकांनी पुढे पेन्सिल हाती धरलीही नसेल. दहावीच्या पालकांनी "यात वेळ जातो" अशी तक्रार केली, ती अगदीच निराधार नव्हती. म्हणून दहावीच्या मुलांसाठी दिवाळीनंतर हा वर्ग ऐच्छिक ठेवला आहे. परंतु आमच्या एका माजी विद्यार्थिनीने, जी आज रुग्णालयात परिचारिका आहे, आम्हांला सांगितले की, रुग्णाकडे पाहताना अजूनही ती आधी त्याच्या खांद्यांकडे पाहते. दुखणे कोठे आहे ते माणूस सांगण्याआधी खांदे सांगतात. वीस मिनिटे एका माणसाकडे काही न बोलता, काही न मागता पाहत राहण्याची सवय आजच्या घाईच्या काळात दुर्मिळ झाली आहे. ती आपल्या व्हरांड्यात आहे, एवढे आम्ही निश्चित सांगू शकतो.

आपल्या सभागृहात तथागत, महात्मा फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, रमाई आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी आहेत. त्या तेथे असायलाच हव्यात. त्यांच्यामुळेच आपण या अंगणात उभे आहोत. परंतु त्याच इमारतीच्या व्हरांड्यात स्वयंपाकाच्या मावशींचा, वॉचमन मामांचा आणि ओठावर खूण असलेल्या त्या मुलाचा चेहराही कधी काळी दोरीवर लागला होता, हे पुढच्या पिढीला कळावे म्हणून आम्ही हा लेख लिहिला. पुढे कोणी या शाळेचा इतिहास लिहील, तेव्हा त्याला केवळ नावांची यादी मिळू नये.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. स्नेहमेळाव्याच्या दिवशी दुपारी तीन वाजता व्हरांड्यात स्टुले मांडलेली असतील. देणगीची पावती फाडण्याआधी अर्धा तास तेथे येऊन बसावे. बरोबर आईवडिलांना, आजी-आजोबांना आणावे. विशेषतः ज्यांचे छायाचित्र घरात नाही, त्यांना. मुले कागद घेऊन तयार असतील. चित्र कसे होईल याची हमी आम्ही देत नाही. सहावीतील मुले अजून डोळे कपाळावर काढतात. आपल्याकडे मात्र मनापासून पाहिले जाईल, आणि झालेले चित्र आपले असेल.

जय भीम!